हिरव्या गाडीची तपासणी

प्रिय टेगन,

फोन करणार होतो. तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. फोनवर मी आधी आवाज चढवतो, मग गप्प बसतो, आणि तू म्हणतेस, "डॅड, पेशंट खोळंबलेत, नंतर बोलू." म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला माहीतच आहे. बिलावर हा आकडा आहे की ग्रीसचा डाग, असं गिऱ्हाइकं विचारायची. पण गुरुवारी तू त्या पांढऱ्या गाडीच्या कागदांवर सही करणार आहेस, आणि त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. टपालावर भरवसा नाही. उद्या सकाळी लोबेथालहून माउंट बार्करला येतो आणि तुझ्या दारातल्या पत्रपेटीत स्वतः टाकतो.

आधी फर्गसबद्दल बोलून घेतो, म्हणजे घशात अडकलेलं निघेल. तुझ्या आईनं त्याच्याशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली आणि त्यात माझं काहीच म्हणणं नाही. खरंच नाही. लॉरेलला घरात तेलाचा वास सोसवायचा नाही, हा पडला दातांचा डॉक्टर, ह्याच्या हाताला कायम साबणाचा वास. जमलं त्यांचं. पण तू गाडी घ्यायचं ठरवलंस आणि पहिलं विचारलंस कुणाला? त्याला! एकतीस वर्षं मी ह्या डोंगरातल्या गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट करतोय, सस्पेन्शन खोलतोय. ॲडलेडहून लोक घाट चढून माझ्या शेडवर येतात. आणि माझी स्वतःची पोर गाडी निवडायला एका दातवाल्याकडे जाते. मला हे कळलं कुठे, तर रविवारच्या जेवणाला, त्यांच्याच टेबलावर. तुझी आई भाजलेलं मटण वाढता वाढता म्हणाली, "अय्या, क्लेम, तुला बोलली नाही का? चार शनिवार झाले, दोघं गाड्या बघत फिरतायत." वर तो हसत म्हणतो कसा, "अरे, आम्ही आपले हौशी. खरा उस्ताद तू!" उस्ताद म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण मी मुकाट्यानं बटाटा खाल्ला.

मग तू काय हवंय ते सांगायला लागलीस. रोज नव्वद-शंभर किलोमीटर, उरायडला, गुमेराका, पेशंटांच्या घरापर्यंत जाणारे मातीचे रस्ते, डिकीत नर्सची बॅग मावली पाहिजे. पण गाडी अशी हवी की दोन पेशंटांच्या मधली वळणं घेताना जिवाला बरं वाटावं. "डॅड, दिवसभर मी माणसं मरताना बघते. मधली वीस मिनिटं तरी माझी असू देत ना," असं तू म्हणालीस. मी तोंड उघडणार, एवढ्यात फर्गस सुरू झाला. म्हणे, ताकदीच्या आकड्यांना भुलायचं नाही, रोजची गाडी म्हणजे रोजचा जोडा, हलकी पाहिजे, पायात बसली पाहिजे. म्हणे, टायर फार रुंद आणि चपटे नकोत, आपल्या रस्त्यांना ठिगळं आहेत, वळणात ठिगळ आलं की गाडी उडी मारते. म्हणे, स्टिअरिंगनं हाताला सगळं सांगितलं पाहिजे. टेगन, ह्यात एक शब्द चुकीचा असता ना, तर मी सुखानं घरी गेलो असतो. मी हेच्या हेच बोललो असतो. त्यानं माझ्या तोंडचं काढून घेतलं, आणि तू त्याच्याकडे बघून मान डोलवत होतीस.

तू सोळा वर्षांची असताना आपण जुन्या पिकअपमधून गुमेराकाच्या रस्त्याला जायचो, आठवतं? तू स्टिअरिंग असं आवळून धरायचीस की बोटं पांढरी पडायची. मी ओरडायचो, "मूठ सोड, बोटांनी धर! जे करायचं ते वळणाच्या आधी कर, वळणात नुसती पुढे बघ!" तिसऱ्या दिवशी तू ती पिकअप मेंढ्यांच्या कुंपणात घातलीस आणि मी तुझ्या आईला सांगितलं की मीच घातली. महिनाभर तिचे टोमणे खाल्ले. पण त्या उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी तू सगळा रस्ता एकदाही ब्रेकला नको तिथे पाय न लावता उतरलीस. मी शेजारी बसून काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. कौतुक करायची वेळ आली की माझी जीभ जड होते, आणि त्या फर्गसची बघ, नुसती लोण्यासारखी चालते.

मग ती हिरवी गाडी आली. मिस झिलमची, लोबेथालच्या शाळेत संगीत शिकवायची ती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, इतक्या खाली बसता-उठता येईना, म्हणून विकायला काढली. दोन सीटांची, छप्पर उघडणारी छोटी जपानी गाडी, अकरा वर्षं एकाच हातात. फर्गसनं शोधली, तुला आवडली, आणि तू म्हणालीस, "घेण्याआधी डॅडच्या शेडमधल्या लिफ्टवर चढवून खालून तपासायची. डॅड हो म्हणाला तरच." ह्या डोंगरात सगळे तसंच करतात हे खरं, पण मला वाटलं, चला, शेवटचा शब्द तरी माझा. आणि आलात तुम्ही. गाडी तू चालवत होतीस, छप्पर उघडं, तो शेजारी, माझ्या जागेवर, आणि कशावरून तरी दोघं इतकी हसत होतात की शेडच्या दारात मी उभा आहे हे तुम्हाला दिसलंसुद्धा नाही. वर तो स्वतःची बॅटरी घेऊन आला होता. माझ्या शेडमध्ये! दातांत बघायची बारीक बॅटरी!

पुढचं तुला माहीत आहे. आधी मी ती एकटाच फिरवून आणली, चांगली पन्नास मिनिटं, मग लिफ्टवर घेतली, पुढच्या डाव्या चाकामागे चासीवर, खालच्या सांगाड्यावर, बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे वेल्डिंग बघ. ठोकलेली आहे. ओढून सरळ केलीय. ही घ्यायची नाही." तुझा चेहरा पडला. मला वाटलं होतं फर्गस वाद घालेल. मी वाटच बघत होतो. पण तो बॅटरी बंद करून म्हणाला, "क्लेम नाही म्हणतोय म्हणजे नाही, बेटा. विषय संपला." आणि गाडी परत करायला गेला.

त्यानंतर तू मी सुचवलेली ती पांढरी गाडी बघितलीस. मोठी, नवी, सुरक्षित. परवा तुझा फोन आला, "डॅड, चांगली आहे गं गाडी" — तू घाईत असलीस की मलाही गं म्हणतेस — "जरा जड वाटते वळणात, पण तू बघितलीयस ना, मग झालं." मग झालं, म्हणालीस. तेव्हापासून माझं जेवणावरून मन उडालंय. तू आनंदानं बोललेली मी ओळखतो आणि मन मारून बोललेलीही ओळखतो.

तर ऐक आता. ते वेल्डिंग नव्हतं. तो कारखान्यातला जोड आहे, त्या जातीच्या प्रत्येक गाडीला तिथे असतो. तुला माहीत नव्हतं, फर्गसला माहीत नव्हतं, आणि तुम्हाला माहीत नाही हे मला माहीत होतं. गाडी कधी कशाला घासलेलीसुद्धा नाही. मी खोटं बोललो, टेगन. उभ्या आयुष्यात लिफ्टखाली उभा राहून पहिल्यांदा खोटं बोललो, ते तुझ्याशी. कारण ती गाडी बरोबर होती आणि ती त्यानं शोधली होती. दुसरं कारण नाही, मी खूप शोधलं. काल मिस झिलमकडे गेलो, टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. ती म्हणाली, "तू ती पन्नास मिनिटं फिरवलीस, हे फर्गस गाडी परत आणताना बोलला होता. नापास करायची गाडी कुणी एवढी फिरवतं का रे, क्लेम? मला तेव्हाच कळलं होतं. पण तुझ्या शब्दापुढे माझं ऐकणार कोण?" मी नापास केलीय हे ऐकून दोन गिऱ्हाइकं तिच्या दारातून परत गेलीत. गाडी निर्दोष आहे असं मी तिला माझ्या सहीनं लिहून दिलंय. शनिवारपर्यंत ती तुझ्यासाठी थांबतेय. पांढऱ्या गाडीवर सही करू नकोस. फर्गसला घेऊन जा, मी येत नाही, मला अजून ते बघवणार नाही. त्याला मी स्वतः भेटून सांगेन की निवड त्याचीच बरोबर होती. ते वाक्य तोंडातून निघेपर्यंत माझा जीव जाईल, पण सांगेन. आणि तुला माझा राग आला, महिना महिना फोन केला नाहीस, तरी मी काही म्हणणार नाही. गाडी तेवढी घे.

तुझाच खोटारडा,
डॅड