दोन बाटल्या, एकच स्कॉच

सोमवार, १४ फेब्रुवारी १९७२

आज मी व्हिस्की चाखली. घरी सांगणार नाही. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तीन वर्षं केमिस्ट आहे, पण थेंबही कधी जिभेला लावला नव्हता. मॅनेजरसाहेबांचे मेव्हणे विलायतेहून शिर्डीला दर्शनाला आले, ते दोन बाटल्या घेऊनच; साहेबांनी त्या आमच्या लॅबमध्ये आणल्या. दोन्हींत एकाच डिस्टिलरीची, वीस वर्षं मुरलेली स्कॉच. फक्त दोन वेगळ्या व्यापाऱ्यांनी पिंपं विकत घेऊन आपापल्या नावाने बाटल्यांत भरलेली.

"माल एकच, मग फरक काय असणार?" साहेब म्हणाले.

मी दोन्ही पेल्यांचा वास घेतला, एकेक घोट चाखला. पहिलीत मनुका. मनुकाच का? पुन्हा हुंगलं. हो, मनुकाच! दुसरीत नुसतं लाकूड.

"पहिलीच्या पिंपात आधी गोड वाइन भरलेली असावी, तिचा वास लाकडात राहिलाय," मी म्हटलं. साहेब हसले. मेव्हण्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. "बाई म्हणतात तसंच लिहिलंय."

लॅबमधले सखारामकाका म्हणाले, "सायेब, बाईंचं नाक लई तेज हाय."

साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. आपल्या रममध्ये काय कमी पडतं, सांगा." असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी तासभर बोलले, आणि ते लिहून घेत होते.