पंपावरची नाकं

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. शेजारच्या शिवणवाल्या मावशींच्या विहिरीचं पाणी स्वच्छ झालं, असं मी लिहिलं होतं. झालेलं नाही.

आपल्या पेट्रोल पंपाची गळकी टाकी काढली, खालची माती उपसून नेली, एवढं खरं. मग बाबांनी, काकाने आणि मी विहिरीचं पाणी पेल्यात घेऊन हुंगलं आणि एकमताने पास केलं. बाबांनी मला अक्षरांच्या आधी हुंगायला शिकवलं, तुला ठाऊकच आहे. त्यांच्या मते नाकापुढे प्रयोगशाळा म्हणजे पोरखेळ. पण पाणी शुद्ध करायला आलेल्या इंजिनिअरबाईंनी आमच्या पाठीमागे पेट्रोलात भिजवलेली चिंधी धरली. काकाने विचारलं की बाई, खेळ कधी सुरू करताय? आत्या, आमच्यातल्या कुणालाच वास आला नाही! जन्म पंपावर गेला, नाकं बधिर झाली. तपासणीत पाण्यात पेट्रोल निघालंच.

विहीर मावशींची, पेट्रोल आमचं, म्हणून विहिरीवर झाकण घालून मी कुलूप लावलं आहे. बाबा अजून म्हणतात की उघडून टाक. कुलपाची किल्ली मी गळ्यात घालून झोपते. बरोबर करते आहे ना?

तुझी,
भाची

९ मार्च

चि. काटेकोरबाईस,
अनेक आशीर्वाद.

दुरुस्तीची गरज नव्हती. पाणी स्वच्छ झाल्याची बातमी ज्या पत्रात होती, त्यालाच असा भपकारा होता की मी ते चिमटा लावून दोरीवर वाळत घातलं. तुझ्या आतोबांनी दिवसभर घरात काडी पेटवू दिली नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत दादा शेजारी उभा आहे आणि नवरदेव चौकटीबाहेर झुकल्याने निम्मेच दिसतात, ते का, हे दादाला अजून कळलेलं नाही.

किल्ली सोडू नकोस. दादा आधी गोड बोलेल, मग रुसेल, मग छातीत दुखतंय म्हणेल. घाबरू नकोस, माझ्यावर त्याने हेच केलं आहे. मात्र त्या मावशींना पाणी लांबून आणावं लागत असेल, तर बादल्या तू उचल. कुलूप काढशील त्या दिवशी मी नाक घेऊन हजर.

तुझी,
आत्या

२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाणी स्वच्छ झालं! या वेळी प्रयोगशाळा म्हणते, आम्ही नाही.

इतके महिने इंजिनिअरबाईंची माणसं विहिरीजवळ पाडलेल्या बोअरमधून पाणी उपसून उंच नळकांड्यातून खाली सोडत होते आणि खालून हवा फुंकत होते. हवेबरोबर पेट्रोल उडून जातं, उरलंसुरलं कोळसा धरून ठेवतो. मागेच एक तपासणी चांगली आली, तेव्हा बाबा फीत आणि कात्री घेऊन निघाले होते. पण इंजिनिअरबाई म्हणाल्या की यंत्र बंद केल्यावर मातीत चिकटलेलं पेट्रोल पुन्हा पाझरू शकतं, थांबून परत तपासावं. मी थांबवलं. बाबा गोड बोलले, रुसले आणि छातीला हात लावला. तू लिहिलेल्या क्रमानेच! मला असं हसू फुटलं की शेवटी तेही हसले आणि छाती बरी झाली. मावशी म्हणाल्या की तुझ्यापेक्षा ती गळकी टाकी बरी होती. त्यांच्या बादल्या मीच वाहत होते, तरी!

काल दुसरा अहवालही चांगला आला. काका टायरमध्ये हवा भरायची नळी घेऊन बाबांचे केस उडवत सुटला. मावशी शिवणयंत्रावरून उठून गळ्यात टेप घेऊन नाचल्या.

मग पहिला पेला कुणी प्यायचा यावर जुंपली. मी म्हटलं की पेट्रोल आमचं, तर पहिला घोट माझा.  बाबा म्हणाले की दुसरा त्यांचा. तिसरा तुझ्यासाठी राखला आहे, पण आधी हुंगायचं.

हे पत्र न्हाऊन, मावशींच्या घरी, त्यांच्याच कागदावर लिहिते आहे. वास आला तर दोष पोस्टमनचा. तुझी माया आहेच, येताना नाक तेवढं विसरू नकोस.

तुझी,
भाची

ता. क. आनंदात मुख्य गोष्ट राहिलीच. कुलूप मी येत्या रविवारी, आठ नोव्हेंबरला सकाळी काढणार.