बापाचा पाय

प्रिय रंजीता,

त्या सकाळी तू अंगण झाडून सडा टाकला होतास आणि मी आदल्या दिवशीची मोहफुलं चटईवर पसरत होते. चुलीवर भात रटरटत होता. कोंबड्या फुलांवर येत होत्या म्हणून तू तुराटी घेऊन त्यांना हाकलत होतीस आणि हसत होतीस, कारण त्यातल्या तोऱ्यातल्या कोंबडीला मी पोलीस पाटलीणबाई म्हणायचे. मग माझा निकेश उठून बाहेर आला. भात काऊन झाला नाही, एवढंच त्यानं विचारलं. तू म्हणालीस, "होऊन राह्यला जी." त्यानं तुझ्या हातातली तुराटी हिसकली. ती दोन फटक्यांत मोडली, तेव्हा चुलीतलं लाकूड ओढलं. तू दाराकडे पळालीस तर त्यानं तुझा पाय धरला आणि ओल्या सड्यावरून फरफटत तुला थेट चटईवर आणलं. मी मधे पडले, माझा दात गेला. तुझं मनगट मोडलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. दवाखान्यात नर्सबाईनं तुझ्या पाठीला चिकटलेली फुलं एक एक करून काढली.

याची तुला मी आठवण करून द्यायला नको. पण पुढे मी निकेशबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहिणार आहे. त्या वाचताना तू ही सकाळ विसरावीस असं मला वाटत नाही, म्हणून आधी हीच लिहिली.

तू माहेरी गेल्यावर मी त्याला गडचिरोलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. पहिला आठवडा मी तिथेच व्हरांड्यात राहिले. दारू सुटणं म्हणजे मनाचा निश्चय असं मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे पाहिलं ते वेगळं होतं. तो भिंतीवर डोकं आपटायचा, स्वतःच्याच दंडाला चावायचा. भिंतीवरून मुंग्या येतात म्हणून त्यानं नखांनी मांड्या सोलून काढल्या. दोन माणसं त्याला धरायची आणि मी रक्त पुसायचे. तिथे स्वाती मॅडम म्हणून एक पोरगी आहे, तुझ्याच वयाची. तिनं त्याला शिकवलं की हात उठतो आहे असं वाटलं की दोन्ही हात काखेत दाबायचे आणि जागीच उभं राहायचं. दिवाळीनंतर तो घरी आला. तेव्हापासून प्यायला नाही. घरात कितीदा तरी तो असा काखेत हात घालून उभा दिसतो, थंडी वाजल्यासारखा. मी माझं काम करत राहते. यंदा मोहाचं आपलं झाड मी शेजारच्या दुर्गाला वेचायला देऊन टाकलं. अंगणात फुलं नकोत, वास नको.

त्या मॅडमपाशी त्यानं जे सांगितलं, ते त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं; त्याला विचारून मॅडमनंच मला सांगितलं. तुझे सासरे वाघानं नेले हे तुला माहीत आहे. निकेश तेव्हा तिसरीत होता. बापलेक पहाटे झाडाखाली फुलं वेचत होते. वाकलेला माणूस वाघाला जनावरच दिसतो. त्यानं मागून मान धरली. आम्ही पोचलो तेव्हा पोरगं झाडाशी बसलेलं होतं, मांडीवर बापाची चप्पल होती. आम्हांला वाटलं ते लपून राहिलं. तसं नव्हतं रंजीता. वाघ ओढत होता तेव्हा यानं बापाचा पाय धरला होता. वाघ एकीकडून, हा एकीकडून. बाप जिवंत होता, याच्याकडे पाहत होता. नाल्यापर्यंत हा तसाच फरफटत गेला. मग हात घसरला, चप्पल हातात आली. पण तो मॅडमला म्हणाला, हात घसरला नाही, मी सोडला.

त्या दिवशी त्याची थरथर थांबेना. तुझे मोठे सासरे, लटारूभाऊ, यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि वाटीभर मोहाची पाजली. लहान लेकराचं भ्याव दारूनं उतरतं असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पोरगं झोपलं, आणि झोपलं म्हणून आम्हांला बरं वाटलं. पुढे वर्षश्राद्धाला नाल्याकाठी तुझ्या सासऱ्यांच्या नावाचा दगड मांडला. वाघानं नेलेल्या माणसाला दरवर्षी कोंबडी आणि दारू द्यायची, आणि देणाऱ्यानं आधी स्वतः घोट घ्यायचा, ही रीत. देणारा मुलगाच. म्हणजे आठ-नऊ वर्षांचं लेकरू दरसाल त्याच जागेवर उभं राहून प्यायचं आणि आम्ही म्हणायचो, बापाचं करतो आहे, गुणाचा आहे.

परवा तो दिवस होता. निकेशचं सगळं त्यावर अडलं होतं. केंद्रात त्यांनी सांगितलं होतं, एक घोटही पुन्हा दारूतच नेईल. आणि गावात सगळे म्हणत होते, दिलं नाही तर बाप उपाशी राहील, वाघ फिरून येईल. बायांनी दगडापाशी जायचं नसतं, तरी मी गेले. लटारूभाऊंनी कोंबडी कापली, रक्त दगडावर सोडलं, पळसाच्या पानाचा दोना दारूनं भरून निकेशपुढे धरला. "आधी तोंडाले लाव, मंग त्याले दे." निकेशनं दोना घेतला. तोंडाला लावला नाही. आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मोठे बाबा, मी बाबाचा पाय सोडलो जी."

लटारूभाऊ हळूच म्हणाले, "मले मालूम आहे बाबू. झोपीत बरळत होता तू. म्हूनच तं पाजत आलो तुले."

ते मायेनंच म्हणाले. त्यांना दुसरं औषध माहीत नव्हतं. पण निकेशनं दोना फेकला आणि त्यांची मान धरली. त्यांचं डोकं त्यानं दगडावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा कोंबडीचं रक्त कुठलं आणि माणसाचं कुठलं ते कळत नव्हतं. चौघांनी त्याला ओढून काढलं. तेव्हा कुठे त्याचे हात काखेत गेले. म्हाताऱ्याच्या कपाळाला सात टाके पडले.

आता गंमत ऐक. संध्याकाळी तेच लटारूभाऊ डोक्याला पट्टी बांधून आपल्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पोरगं जितलं बाई. वास हातात होता तरी थेंब नाई घेतला. आता रंजीताले घेऊन येऊ." गावचे चार जण माना डोलवत होते. मी म्हटलं, तुमच्या डोक्याचं काय? ते म्हणाले, "ते तं घरचंच आहे." मी म्हटलं, तिचं मन? तर म्हणाले, "लग्नाची पेटी इथीच आहे ना तिची? पेटी ज्या घरी, बाई त्या घरची." निकेश माझ्याकडे पाहून बोलला, "बाई, ते आली तं मी टिकतो."

तो खरंच टिकेल असं मला वाटतं. त्यानं लहानपणी जे धरलं होतं ते कुठल्याच लेकराला धरून ठेवता आलं नसतं, हे मी त्याला रोज सांगते, मरेपर्यंत सांगीन. पण परवा तो प्यायलेला नव्हता रंजीता. दारू गेली की हात खाली येतो असं मला वाटत होतं. शुद्धीतला हात मी डोळ्यांनी पाहिला. त्याला धरून ठेवणं माझं काम आहे, मी आई आहे. तुला त्याचं औषध करून घरात ठेवायचं नाही. उद्या तो अगदी बरा झाला, तरी यायचं की नाही हे तुझं तू ठरव. मी बोलावते आहे असं सांगत कोणी आलं तर ते खोटं समज. आणि ओसरीवर तुझी पेटी पाहून सासूनं नातं तोडलं असं तुला वाटलं असेल, तर तसंही नाही. ती आपल्या घरात राहिली असती तर लोकांनी तिच्या जोरावर तुला ओढून आणलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या साड्या, बारावीची मार्कशीट, चांदीची जोडवी पेटीत भरली आणि ती डोक्यावर घेतली. निकेश दारात काखेत हात घालून उभा होता, पण बाजूला झाला. चामोर्शीला तुझ्या माहेरी पोचले तेव्हा तू शिवणाच्या क्लासला गेली होतीस. तुझी आई थांबा म्हणाली, पण हे तोंडानं सांगता आलं नसतं. मी पेटी तुमच्या ओसरीवर ठेवली, पाणी प्यायले आणि परतीच्या बसनं घरी आले.

तुझीच,
इंदुबाई