माझ्या रंगाची बाटली

६ एप्रिल

आणि वर म्हणतो, "त्यात राग येण्यासारखं काय हाय?" आप्पारावमामाला राग कशाला येईल, तोंड त्याचं रंगवायचं नाही. लग्न वैष्णवीचं, ती सख्खी बहीण माझी, आणि भावानं मांडवात यायचं तर तोंडाला रंग फासून यायचं. "पोरी लावतात ते फाउंडेशन का काय, ते लाव. जरा माणसावानी दिसशील." माणसावानी! मग चोवीस वर्षं काय म्हशीवानी दिसत होतो?

जन्मापासून असाच आहे — कातडी, केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. उन्हात डोळे उघडत नाहीत. फळा दिसायचा नाही म्हणून आठवीतून घरी बसलो. गावात पोरं इंग्रज म्हणायची.

वैष्णवीच्या सासरच्या, परळीच्या पाहुण्यांना मी अजून दाखवलेलोच नाही. सुपारी फुटली तेव्हा त्यांना सांगितलं, "पोराला सुट्टी न्हाई." मला कोणी बोलावलंच नव्हतं. मग मामाच्या हातातून आईनं फोन घेतला. "तुझ्यावानी लेकरं व्हतील असं त्यांच्या डोक्यात आलं तर रं? एक दिवसाचं काम हाय. लाव की."

सगळं गाव गोरं व्हायची क्रीम घासतं. मामा स्वतः आंघोळ झाली की पावडर थापतो, हनुवटीच्या खाली पावडरीचा मुलूख संपतो. आणि घरात एक खरा गोरा निघाला तर त्याला झाका म्हणे.

८ एप्रिल

मेकअपच्या दुकानात गेलतो. रिक्षावाला माझ्याशी इंग्रजीत बोलला आणि तिप्पट भाडं मागितलं. बंगळुरूत मी फॉरेनर. मराठीत शिवी दिल्यावर मीटर टाकला.

दुकानातली पोरगी म्हणली, "मैडम के लिए?" म्हणलो, मेरे लिए. तिनं हसू दाबलं. दाबलेलं हसू मला लांबून ओळखू येतं. सगळ्यात फिकी बाटली काढून मनगटावर बोट फिरवलं. माझ्या हातावर ती पिवळी दिसली, कावीळ झाल्यासारखी. "इससे गोरा कंपनी बनाती ही नहीं, सर." एवढ्या मोठ्या दुकानात, एवढ्या आरशांत, माझ्या रंगाची एक बाटली नाही. माझ्या कातडीला गोरी म्हणायलासुद्धा कंपनी तयार नाही.

म्हणलो, मग सावळा दाखव. ती बघतच राहिली. "सब लोग उल्टा माँगते हैं."

ते मला सांगू नको, बाई. मी रात्रभर गोदामात याच बाटल्यांची पार्सलं बांधतो. आयव्हरी, बेज, हनी, कॅरॅमल. आठवीतून सुटलेल्या माणसाला रंगांची इंग्रजी नावं पाठ आहेत. कॅरॅमलचे खोके धूळ खातात.

९ एप्रिल

घेतली एक. नावात मध आहे. वास भिंतीच्या रंगाचा.

१३ एप्रिल

सुट्टी होती, लावून बघितलं. राधाकिशन आरसा धरून बसला. वडवणीचा आहे, खोलीत माझ्यासोबत राहतो, त्याच गोदामात कामाला. तोंड गव्हाळ झालं. पण कान पांढरे, मान पांढरी, पापण्या पांढऱ्या. राधाकिशन म्हणला, "माठाला खडूच्या पापण्या काढल्यावानी दिसतोस बे." मग मान रंगवली. मग कान. मग हात. अर्धी बाटली संपली आणि मी मामासारखा दिसायला लागलो. हीच का ती सुधारणा?

मग आठवलं — कान. लग्न लागलं की नवरदेवाचा कान पिळायचा, हा मान नवरीच्या भावाचा. "माझ्या बहिणीला नीट सांभाळ" असं बजावायचं आणि पिळायचा. नवरदेव पोशाख देतो. भावाला मांडवात तेवढंच एक काम. म्हणलं, बघू तरी. राधाकिशनचा कान धरून पिळला. त्याचा कान तपकिरी झाला आणि माझी बोटं परत पांढरी.

"आता बीडच्या उन्हात घाम आला की बघ," राधाकिशन म्हणला. "नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर तुझं सगळं खानदान उतरंल."

पोट दुखेस्तोवर हसलो दोघं.

मामाला फोन करून सांगितलं, हाताचा रंग कानाला लागतोय. मामा लगेच, "मंग तू कशाला पिळतोस? आमचा धुळाजी पिळंल की. तू मागं कूलरपाशी बस गप."

असं होय. भाऊ मी, आणि कान पिळणार मामाचा पोरगा धुळाजी. त्याला अजून चपलेचा उजवा-डावा पाय कळत नाही. तो म्हणणार, माझ्या बहिणीला सांभाळ. पोशाखही त्यालाच.

मग माझा आहेरही मामासारखाच. हा माणूस भावकीतल्या लग्नात एकशे एक रुपये देतो आणि माइकवरून दोनदा नाव घ्यायला लावतो. एकशे एक म्हणजे परक्याचा आहेर, जेवून हात पुसत निघून जाणाऱ्याचा. वैष्णवीच्या कपाटासाठी पंचवीस हजार साठवलेत, ते राहू द्या बँकेत. भाऊ कूलरपाशी बसणार असंल तर तोही एकशे एकचाच.

१७ एप्रिल

वैष्णवी फोनवर येत नाही. पार्लरला गेली, झोपली, बायका आल्यात. मामानं बजावलं असणार.

शाळेला जाताना छत्री तीच धरायची. माझ्यापेक्षा बुटकी, म्हणून हात वर ताणून. हात बदलायची, पण मला धरू द्यायची नाही. म्हणायची, तुला खड्डे दिसत न्हाईत, तू खाली बघ. एकदा कोणी इंग्रज म्हणून ओरडलं तर त्याच छत्रीनं त्याला हाणलं. छत्रीची काडी मोडली, आईचा मार तिनंच खाल्ला.

मामाचा हा उद्योग तिला कळू दे. फाउंडेशन त्याच्या तोंडाला तीच फासंल, मिशीसकट.

१९ एप्रिल

ठरलं. बाटली कचऱ्यात. परळीचं तिकीट काढलं. धुतल्या तोंडानं जाणार आणि याच हातानं कान पिळणार, सगळ्या पाहुण्यांसमोर. वैष्णवीनं एकदा "हा माझा भाऊ" म्हणलं की मामाला तोंड कुठं राहतंय.

राधाकिशननं त्याचा चांगला शर्ट दिला. तोही रंग उडालेला, पण इस्त्री केलेला.

२१ एप्रिल

वैष्णवीचा फोन आला. "दादा, मामाला शिव्या देऊ नको. मीच सांगितलं व्हतं त्याला. तुला सांगायला माझं तोंड झालं न्हाई."

म्हणलो, का म्हणून?

"परळीच्या आधी तीन स्थळं तुझं ऐकून माघारी गेली दादा. तुला कोणी सांगितलं न्हाई." मग नुसतं रडणं. मग म्हणली, "रंग लावून तरी ये."

म्हणलो, अगं, मला सुट्टी न्हाई.

तिकीट रद्द केलं. तिच्या नावावर पैसे पाठवले. कपाटाचे पंचवीस हजार. आणि वर एकशे एक.