झुरक्याचा आधार

३ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आतड्यातली गाठ काढली, टाके वाळले, कालपासून दुकानात बसतो. फोटोंच्या फ्रेमा ठोकतो, पण काच कापायला अजून हात धजत नाही.

कॅन्सर आणखी कुठे पसरला असेल, तर रक्तातला एक आकडा चढा राहतो. ऑपरेशननंतर माझा उतरला, पण हवा तितका नाही. सिगरेटनेही तो वाढतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, सिगरेट बंद करा, सोडल्यावर महिन्याने पुन्हा तपासू. तू काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. कोटाला वास येतो, बाथरूममध्ये काडेपेटी सापडली, विचारलं की तिच्याच अंगावर येतोस. शाळेतही तू चोरून ओढायचास आणि खिडकी उघडायला विसरायचास. अक्कल तेवढीच राहिली. पण आता हसू येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं एवढंही तुला जमू नये? उलट टपाली लिही.

तुझी,
ताई

१७ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओढतोय. पूर्वीपेक्षा जास्तच. तलफ म्हणून नाही गं. जोवर ओढतोय, तोवर तो आकडा सिगरेटचा असू शकतो. सोडली आणि तरी उतरला नाही, तर तो कशाचा, हे कुणी सांगावंही लागणार नाही. मला भीती वाटते, ताई. फार वाटते. हिला सांगू नकोस. तिला रागावलेलीच राहू दे, ते बरं.

धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला नको नको ते बोलले, ते मनातून काढून टाक. परवा येतेय, महिनाभर राहीन. तुझे भाऊजी स्वतः स्वयंपाक करणार आहेत, जगले वाचले तर कळवतील. मी दुकानात तुझ्यासमोर स्टूल टाकून बसेन. तलफ आली की माझ्याशी भांड. पसरलं असेलच, तर ते तुझ्या धुरामागे थांबून राहणार नाही रे.

ताई

२५ जुलै

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस तरी स्टूल तिथेच ठेवलंय. आज रक्त देऊन आलो. सुई टोचण्याआधी नर्सने विचारलं, सिगरेट ओढता का. नाही म्हणालो. हेच उत्तर आजवर कितीदा खोटं दिलं, कधी काही वाटलं नाही. आज खरं बोललो आणि लगेच शब्द मागे घ्यावासा वाटला.

रिपोर्ट उद्या मिळेल. हिला सगळं सांगितलं. शेजारीच बसून आहे.

लोभ आहेच, उद्याही असू दे.

तुझा,
धाकटा