हिरव्या काचेचा दिवा

आप्पा, तुमची कबर मधोमध खचली आहे. दौंडच्या ख्रिस्ती कब्रस्तानाच्या रखवालदारानं सकाळी फोन करून सांगितलं, मग मी स्वतः जाऊन पाहिलं. "बाई, घूस न्हाई, पाणी न्हाई," तो म्हणाला. "माणूस उठून गेल्यावर गादी दबलेली ऱ्हाती, तसं हाय बगा." मी हसले. तो हसला नाही.

तुमची नात पोलंडला नोकरीला आहे. तुम्ही गेल्यावर जन्मलेली. एक नोव्हेंबरला तिथं सरकारी सुट्टी, दुकानं बंद, आणि अख्खा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला जातो. ज्यांची माणसं दूर पुरलेली, ते कब्रस्तानातल्या मोठ्या क्रुसापाशी दिवा ठेवतात. तिथनंच तिनं व्हिडिओ कॉल केला. "मम्मी, आपल्याकडं सुट्टी म्हणजे मटण, इथं मेणबत्त्या!" सगळीकडं लाल-पांढऱ्या काचा, हिच्या हातात हिरवी. "आप्पा रेल्वेतले ना? मग हिरवाच." आणि लहानपणी मी तिला खेळात शिकवलं होतं तसा तिनं तो दिवा झुलवला.

मला रेल्वे क्वार्टरचं मागचं दार दिसलं. मी परकरात आहे, तुमची हातबत्ती उचलून हिरवी काच यार्डाकडं करून झुलवते आहे, आणि तुम्ही ती हिसकावून घेता. मारत नाही. "हिरवा दाखवला म्हंजी 'ये' म्हणलं. आता आलंच कुनी, तर काय सांगशील त्याला?" आपल्या बाजूच्या रुळावर तेव्हा गाडी नव्हती. तरी तुम्ही जेवण सोडून बराच वेळ लाल काच धरून दारात उभे होता.

काल तुमची नात म्हणाली, जिन्यात स्टोव्हसारखा वास येतो. शेजारच्या म्हातारीलाही आला. तिनं विचारलं, तुझ्याकडं कोण पाहुणं आलंय? त्या इमारतीत रॉकेल कुणी वापरत नाही. तुमच्या हातांना तोच वास असायचा. पोर एकटी राहते, आप्पा. मागच्या महिन्यात तापानं पडली होती, तर पाणी द्यायला कुणी नव्हतं.

हे पत्र दौंडच्या पत्त्यावर टाकावं की तिच्या, ते ठरेना, म्हणून टेबलावरच आहे. रखवालदार माती कधी टाकू विचारतोय. त्याला थांब म्हटलंय. रविवारी ती नवा दिवा घेऊन पुन्हा क्रुसापाशी जाणार आहे. लाल घे, असं मी तिला सांगितलेलं नाही.