डबल बेल

मंगळवार, संध्याकाळ. नेर.

आज खूप राग आला होता. आता राग नाही, पण जे आहे त्याले काय म्हणावं?

लकव्यानं यांचा डावा हात गेला आणि एसटीचं स्टेअरिंग सुटलं. मन रमेल म्हणून पोरीनं मोबाईलवर बस चालवायचा गेम टाकून दिला. आता दिवसभर उजव्या अंगठ्यानं गाडी चालवून राह्यले. आज चहा ठेवला, तो थंड झाला. हाक मारली, तर हूं की चूं नाही. मोबाईल हिसकून घ्यायलेच गेली होती मी.

तेव्हा दिसलं, गाडी स्टॉपवर उभी. लोक चढून बसलेले, रस्ता मोकळा. मग हे काहून थांबले? अंगठा वरच धरलेला, मान जराशी मागं, कान लावून.

मले कळायले वेळ लागला. हे बेलची वाट पाहून राह्यले होते. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय यांनी जन्मात गाडी हलवली नाही. त्या गेममध्ये कंडक्टरच नाही.

मी चमच्यानं स्टीलच्या ग्लासावर दोनदा वाजवलं. गाडी निघाली.

"रफिकभाई, लय टाइम लावला आज," हे म्हणाले. एकदम साफ. माझ्याशी बोलताना एक शब्द धड निघत नाही. आणि यांचे कंडक्टर रफिकभाई तर मागच्या उन्हाळ्यातच वारले.

सांगावं काय त्यायले? कसं सांगू?

तेवढ्यात पुढचा स्टॉप आला. गाडी थांबली. मान पुन्हा जराशी मागं.

मी चमचा उचलला.